शहापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स मिंट : पाच महिन्यांनंतर

खंडेनवमीला मी दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पंधरा दिवसांच्या आत विंडोजनं कळवलं की यंत्रं म्हातारी झाली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट नाहीत, आणि विंडोज ११ या यंत्रांवर बसणार नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, वर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप. माझा एक नंबर चौथ्या पिढीचा आय-थ्री, रॅम चार जीबी. दोन नंबर सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. दोन्ही नापास.

दुकान बेळगावात, शहापूरच्या एका आतल्या गल्लीत. एक नंबर काउंटरवर: झेरॉक्स, स्कॅन, ऑनलाइन अर्ज, उतारे. दोन नंबर आत: लग्नपत्रिका, फ्लेक्स, श्रद्धांजली, सोसायट्यांचे अहवाल. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं या दोन टेबलांमधल्या फरकावर आहे.

नवीन दोन यंत्रांचं कोटेशन काढलं आणि घडी घालून गल्ल्यात ठेवलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "अक्का, बायपास मारून अकरा घालून देतो, कळतबी नाही." मायक्रोसॉफ्टला कळो न कळो, अशा यंत्राला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी ते देत नाहीत, मग खटाटोप कशाला? आणि खरं सांगायचं तर, दुकानाच्या पहिल्या काही वर्षांत माझं विंडोजही पावतीचं नव्हतं. आता केस पिकल्यावर पुन्हा तेच करायची इच्छा नव्हती.

उद्यमबागला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा रविवारी आला. "आत्या, लिनक्स मारून देतो. नाही आवडलं तर परत विंडोज मारू की." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकट यंत्रणा, आणि मिंट हा तिचाच एक प्रकार. त्यानं लिनक्स मिंट २२.२ ची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून आणली होती. मिंटच्या तीन आवृत्त्या असतात: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. शेवटची सगळ्यात हलकी, चार जीबीच्या यंत्राला तीच बरी. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की काही न बसवता, डिस्कला हात न लावता नुसतं वापरून बघता येतं. मी तीन दिवस तसंच बघितलं. प्रिंटर ओळखतो का, वायफाय लागतं का, मराठी लिहिता येतं का. साडी घ्यायच्या आधी दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतो, तसं. पेनड्राइव्हवरून जरा रखडत चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज मात्र बांधू नये.

वेगाविषयी लोक फार फुगवून सांगतात. माझं यंत्र आधी चालू व्हायला चहा करून होई, आता अर्ध्या मिनिटात तयार. पण आम्ही त्याच दिवशी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, घातली होती. निम्म्याहून जास्त श्रेय तिचं आहे, मिंटचं नाही. क्रोममध्ये दहा-बारा टॅब उघडले की चार जीबी रॅम आजही हाशहुश करते. चमत्कार नाही तो.

सुरुवातीला भाच्यानं विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच यंत्रावर ठेवलं. पावत्यांचा प्रोग्राम विंडोजवर होता म्हणून. दुसऱ्याच दिवशी दुपारी बाराला दिलेल्या पावतीवर वेळ छापली सकाळी ६.३०. गिऱ्हाईक म्हणालं, "अक्का, पहाटे उठून दुकान उघडता काय?" कारण असं की लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेला लावतं, आणि विंडोज तेच आपली स्थानिक वेळ समजून वाचतं. आपली वेळ साडेपाच तास पुढं, तेवढंच घड्याळ मागं पडलं. एका ओळीची आज्ञा देऊन ते सुटलं, पण ती ओळ शोधेपर्यंत भाचा आणि मी दोघंही घड्याळाचा सेल गेला असं समजून सेल बदलून बसलो होतो. जानेवारीत पावत्या लिब्रेऑफिसच्या एक्सेलसारख्या कॅल्कमध्ये करायला घेतल्या आणि एक नंबरवरून विंडोज काढून टाकलं.

आता ज्यासाठी मी हा बदल पुन्हा दहा वेळा करेन, ते सांगते. पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात दिवसाला तीस-चाळीस पेनड्राइव्ह लागतात. कॉलेजचे, वकिलांचे, ग्रामपंचायतीचे, आणि निम्म्यांत तो शॉर्टकटवाला व्हायरस. फोल्डर दिसतात पण सगळे शॉर्टकट, उघडायला गेलं की व्हायरस आपल्या यंत्रात, आणि मग पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर आपणच तो वाटतो. प्रसादासारखा. "तुमच्या दुकानातून व्हायरस आला" हे मी किती वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. तो व्हायरस विंडोजसाठी लिहिलेला, मिंटवर तो नुसती एक निकामी फाइल होऊन पडून राहतो.

दुसरं असं की तो मूळ फाइली पुसत नाही, त्यांना लपवल्याची खूण लावतो. लिनक्स ती खूण मानतच नाही, त्यामुळे सगळं उघडं दिसतं. डिसेंबरमध्ये एक मुलगी रडकुंडीला येऊन उभी राहिली, दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचा आणि पेनड्राइव्हवर शॉर्टकटशिवाय काही नाही. मी पेनड्राइव्ह लावला, फोल्डर समोरच होता. प्रिंट काढून बाइंडिंग करून दिलं. तिला वाटलं मी काहीतरी मोठी विद्या जाणते. मीही तसंच वाटू दिलं.

टायपिंगचा मात्र घाम निघाला. मी गणपत गल्लीतल्या एका प्रेसमध्ये कंपोज शिकले, तेव्हापासून आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची आणि मग अक्षर. डोळ्याला जसं दिसतं तसं. मिंटमध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषांचे कीबोर्ड देणारा प्रोग्राम) बसवून इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी घेतली, तर तिथं आधी अक्षर, मग वेलांटी. जसं उच्चारतो तसं. पहिला महिनाभर माझी प्रत्येक 'दि' आणि 'वि' ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटीच बसलेली वेलांटी घेऊन उमटायची. यादीत जुन्या टाइपरायटरच्या वळणाचं रेमिंग्टनही आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं गमभनही आहे. जुन्या हातांनी रेमिंग्टन घ्यावं. मी हट्टानं इन्स्क्रिप्ट धरलं, कारण कामाला असलेली मुलगी तेच शिकून आली आहे आणि एका यंत्रावर दोघींचे दोन कीबोर्ड म्हणजे भांडण. 'सोयऱ्यांना'मधला तो चंद्रकोरीसारखा र कसा काढायचा, यात माझा एक दिवस गेला. शिफ्ट धरून जे दाबायचं, मग डी, मग य. ळ शिफ्ट धरून एन वर. आता बोटांना पाठ झालंय.

कन्नडची मला धास्ती होती. आमच्याकडं अर्धे अर्ज कन्नड. "अक्का, एरडु झेरॉक्स कोडरी" (दोन झेरॉक्स द्या) म्हणत येणारा माणूस लगेच तहसीलदारांना अर्जही लिहून मागतो. शिवाय कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं पाट्यांवर ६० टक्के कन्नड आल्यापासून बोर्डाचं कामही वाढलंय. इथं सगळे कन्नड टायपिंगला नुडी नावाचा प्रोग्राम वापरतात, आणि नुडी विंडोजचं. पण आयबसच्या यादीत के.जी.पी. नावाचा कन्नड कीबोर्ड निघाला, म्हणजे नुडीचीच मांडणी. इन्स्क्रिप्ट घेतलं तर आणखी सोय: ज्या बटणावर मराठी क, त्याच बटणावर कन्नड क. लिपी बदलते, बोट तिथंच राहतं. आमच्या कामाच्या मुलीची घरची भाषा कन्नड, ती एका ओळीत मराठी आणि दुसऱ्या ओळीत कन्नड अशी झरझर मारते की मी बघत राहते.

फाँटचं म्हणाल तर राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फुकट मिळतो. ल आणि श मराठी वळणाचे. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना हिंदी वळणाचा ल दिसला की पत्रिका परत येते, म्हणून हे महत्त्वाचं. मुंबईत झालेला फाँट, शहापुरात चालतो. फाँटाला अजून कुणी सीमेवर नाका लावलेला नाही.

प्रिंटरबद्दल एवढंच: शाईच्या टाकीवाला प्रिंटर लावल्या लावल्या ओळखला, स्कॅनसकट. जुन्या लेझर प्रिंटरनं अर्धा दिवस खाल्ला, एक पान छापायचा आणि मौन धरायचा. शेवटी तो दोन नंबरला जोडला. मिंट घ्यायच्या आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून तुमचा प्रिंटर छापतो का एवढं बघा, बाकी निभतं.

ऑनलाइन अर्ज, उतारे, सेवासिंधू हे कर्नाटक सरकारचं पोर्टल, सगळं ब्राउझरमध्ये, काही फरक नाही. फोटोचे केबी कमी करायला मिंटमध्येच ड्रॉइंग नावाचा प्रोग्राम असतो.

आता दोन नंबर. तो अजून विंडोज १० वर आहे, आणि हे मी नाइलाजानं नाही, ठरवून केलंय. त्यावर मराठी फाँटांची श्रीलिपी आहे, डिझाइनचं कोरल आहे, आणि २००३ पासूनच्या फाइली. ही जुनी अक्षरं म्हणजे खरी देवनागरी नव्हेच. कॉम्प्युटरच्या हिशेबी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्यावर फाँटनं मराठीचा मुखवटा चढवलेला. फाँट काढा, आणि 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी कंस, टक्के आणि उलटे स्वल्पविराम. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या खऱ्या देवनागरीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. मी एका सोसायटीचा बावीस पानांचा अहवाल घालून बघितला. साधी अक्षरं बरी आली, पण रफार पुढच्या अक्षरावर सरकले आणि 'कर्ज'ची दशा अशी झाली की चेअरमनना दाखवायची सोय नव्हती.

आणि आमचा धंदाच जुन्या फाइलींचा. जुलै आला की सेक्रेटरी पिशवी घेऊन येतात: "गेल्या वर्षीचाच अहवाल घ्या, आकडे तेवढे बदला." पिग्मी ठेवी, कर्जवाटप, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. मजकूर तोच, नावं वाढलेली. ती फाइल उघडली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. लिनक्सवर कोरलसारखं इंकस्केप आहे, चांगलं आहे, मी त्यात दोन पत्रिका केल्या. त्यात कोरलची फाइल उघडतेही, पण अक्षरं इकडची तिकडं. आणि ते काम करतं आरजीबी म्हणजे पडद्यावरच्या रंगांत, प्रेसवाल्याला लागतं छपाईच्या शाईचं सीएमवायके. माझा कुंकवाचा लाल विटकरी होऊन आला. घरच्या लग्नात चाललं असतं, दुसऱ्याच्या लग्नात नाही चालत. भाचा सांगतो की २००० साली खुद्द कोरलनं लिनक्ससाठी कोरलड्रॉ ९ काढलं होतं. पुढं चालवलं असतं तर आज मी काय लिहिलं असतं कोण जाणे.

शेजारच्या साडीवाल्या काकांनी माझं बघून विचारलं, आपणही घालूया काय? त्यांचं सगळं टॅलीवर. म्हटलं, काका, हात लावू नका, टॅली विंडोजचं आहे. त्यांच्या मुलीनं घरच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र घातलं, व्हिडिओ आणि ब्राउझरपुरतं, आणि ती खूश आहे.

खर्च: एसएसडी, आणि भाच्याला एक किलो कुंदा. मिंट फुकट. या २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर एक नंबरचा मदरबोर्ड टिकला म्हणजे मिळवली.

दोन नंबरला मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, म्हणून पैसे न भरता सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मिळाली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याआधी अहवालांचा हंगाम येतोय. परवा सेक्रेटरी लेटरहेड न्यायला आले होते, तेव्हा सांगून टाकलं की या वर्षी पूर्ण मॅटर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करणार, टायपिंगचे पैसे वेगळे पडतील. त्यांनी लेटरहेडचा गठ्ठा काखेत मारला, चपला घातल्या आणि म्हणाले, "बघूया की."