एमएसच्या रुग्णांसाठी बौद्धिक चाचणी : तीन वर्षांच्या अनुभवानंतर

माझ्या थोरल्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार) निदान होऊन अकरा वर्षे झाली. पुण्यातील एका खासगी रुग्णालयात तिची बौद्धिक क्षमतेची चाचणी आम्ही लागोपाठ तीन वर्षे करून घेतली. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. ताईचे चालणे बरे होते, एमआरआयमध्ये नवे डाग नव्हते, आणि तरीही आयुष्यभर बँकेत आकडे सांभाळलेली ही बाई दूधवाल्याचा हिशेब करताना मध्येच अडून पुन्हा पहिल्या तारखेपासून मोजू लागली, तेव्हा आम्ही तिथे गेलो.

मुख्य चाचणी दिसायला अगदी साधी आहे. कागदाच्या वरच्या बाजूला नऊ चिन्हे आणि त्यांचे एक ते नऊ अंक छापलेले असतात, खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. ९० सेकंदांत जमतील तितक्या चिन्हांचे अंक तोंडी सांगायचे. ताईचे पहिल्या वर्षी ५२ बरोबर आले, दुसऱ्या वर्षी ४९, यंदा ४४. चार गुणांची घसरण सहसा दखल घेण्याजोगी मानतात. मागचे पाठ राहू नये म्हणून दर वर्षी चिन्हांचा वेगळा कागद दिला, आणि ही घसरण आजाराच्या माथी मारण्याआधी झोप, थकवा व नैराश्य यांची नीट विचारपूस केली, हे मला विशेष आवडले.

तेथील मानसतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले, की एमएसमध्ये बहुधा आधी विचारांचा वेग मंदावतो, नव्या गोष्टी लक्षात ठेवणे जड जाते; शब्दसंपदा मात्र बरीचशी टिकते, त्यामुळे घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही. खरेच आहे, शब्दकोडे ताई अजूनही माझ्या आधी सोडवते. सुमारे ४० ते ६५ टक्के रुग्णांत असा काही ना काही ऱ्हास आढळतो आणि दर वर्षी तपासणी करावी अशी शिफारस अमेरिकेत २०१८ मध्येच झाली आहे, तरी आम्हाला निदानानंतर आठ वर्षे हे कुणी सुचवले नव्हते.

आता तक्रारी. दुसऱ्या वर्षी साडेदहाची वेळ देऊन आम्हाला एक वाजता आत बोलावले. एमएसच्या रुग्णाला अडीच तास बाकावर बसवून मग त्याचा वेग मोजणे म्हणजे थकवाच मोजणे होय. दुसरे असे, की सोळा शब्दांची स्मरण-यादी इंग्रजीवरून जागच्या जागी मराठीत करून वाचली आणि गुण मात्र अमेरिकन लोकांच्या सर्वसाधारण गुणांच्या कोष्टकाशी ताडून पाहिले. अहवालातील तो रकाना आम्ही सोडून देतो आणि ताईची तुलना तिच्याच मागच्या आकड्याशी करतो. म्हणूनच पहिली चाचणी निदानानंतर लगेच व्हायला हवी होती, असे आता वाटते.

शुल्क ४,००० रुपये. विमा कंपनीने ते नाकारले. पुढच्या वर्षासाठी सकाळची पहिली वेळ मागून घेतली आहे. ती पाळली गेली नाही, तर त्या दिवशी चाचणी न करताच परत येऊ, असे ताईने आत्ताच सांगून ठेवले आहे.