.३८ की .४५? काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगसाठी काडतूस निवडताना

काउबॉय काळच्या धर्तीच्या बंदुकांनी वेळ लावून नेमबाजी करायच्या अमेरिकेतल्या या खेळात दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची) आणि एक छऱ्यांची शॉटगन लागते. रिव्हॉल्व्हर आणि रायफलला एकच काडतूस चालावं म्हणून बरेच जण .३८ स्पेशल किंवा .४५ कोल्ट निवडतात. नवीन असाल तर .३८ घ्या.

१२५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) .३८ आणि २५० ग्रेनची .४५ सारख्याच वेगाने सुटली, तर .४५ चा जोर दुप्पट. हात वर उडतो, नेम पुन्हा धरेपर्यंत वेळ जातो, आणि इथे सगळा हिशोब वेळेचाच असतो. शिसंही दुप्पट लागतं, त्यामुळे पेटी महाग पडते.

पण .४५ चा खरा त्रास काजळीचा. हे काडतूस १८७० च्या दशकात काळ्या दारूसाठी घडलं, म्हणून त्याचं पोट मोठं. दारूचा आजचा हलका भार त्यात पुरेसा दाब तयार करत नाही. काडतुसाचं पितळी कवच फुगून चेंबरला (काडतूस बसतं त्या कप्प्याला) घट्ट बसत नाही, आणि वायू मागे येऊन रायफलची यंत्रणा काळी करतो. गोळी जितकी हलकी, तितका हा त्रास जास्त. .४५ च हवं असेल तर निदान २०० ग्रेनची गोळी घ्या. .४४-४० या तिसऱ्या काडतुसाचं तोंडाकडचं पितळ पातळ असल्याने रायफल स्वच्छ राहते, पण ते काडतूस सहज मिळत नाही.

.३८ मध्ये १०५, १२५ आणि १५८ ग्रेन असे पर्याय. धक्का कमी म्हणून १०५ चा मोह होतो. नियमानुसार ग्रेन गुणिले वेग (फूट प्रतिसेकंद) भागिले १००० हा आकडा किमान ६० हवा. १०५ ची गोळी ५७० ने गेली तर ५९.८५, म्हणजे नापास! शिवाय १८७३ च्या विंचेस्टरच्या धर्तीच्या रायफलीत काडतुसाची लांबीच पुढच्या काडतुसाला अडवते. हलक्या गोळीमुळे ते आखूड असेल तर पुढचं काडतूस अर्धवट आत सरकतं आणि लिव्हर मध्येच अडते. म्हणून आम्ही १२५ कडे झुकतो. घाऊक खरेदीआधी एक पेटी आणून दहा-दहाच्या फेऱ्या रायफलमधून काढून बघा.

गोळी निव्वळ शिशाची आणि सपाट नाकाची हवी. नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर) टेकतं, आणि धक्क्याने तो फुटू शकतो. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला परवानगी नाही, कारण लक्ष्य पोलादी आणि जवळ असतं. वेगाची कमाल मर्यादा रिव्हॉल्व्हरला १०००, रायफलला १४०० फूट प्रतिसेकंद.

शॉटगनला १२ गेज (नळीचं माप), ७/८ किंवा १ औंस छऱ्यांचं, कमी धक्क्याचं काडतूस पुरतं. छरे शिशाचे, ४ नंबर किंवा त्याहून बारीक. बूड स्टीलचं असलेली स्वस्त काडतुसं मात्र दुनळीत फुगून अडकतात. बंदूक झटकली तरी बाहेर पडत नाहीत, बोटांनी उपसावी लागतात.