दहाच्या फरकाचे दोन लॅपटॉप : एकवीस महिन्यांनंतर

आमच्या घरात दोन लॅपटॉप आहेत. एकात रायझन ५ ७५२०यू ही चिप (म्हणजे प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदू) आहे, दुसऱ्यात रायझन ५ ७५३०यू. पहिला २०२३च्या दसऱ्याला लेकीसाठी घेतला, दुसरा पुढच्या फेब्रुवारीत माझ्यासाठी. आज मात्र पहिला माझ्याकडे आहे आणि दुसरा तिच्याकडे. ही अदलाबदल का झाली, त्याचीच ही हकिगत. दुकानाचं आणि लॅपटॉपच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. हाच प्रसंग कुठल्याही काउंटरवर घडला असता.

लेक तेव्हा बीएस्सी आयटीच्या पहिल्या वर्षाला होती. आम्ही डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. खिशात चाळीस हजारांचं बजेट आणि चिपच्या नावातल्या आकड्याबद्दल मेव्हण्याचा जुना मंत्र: "फाइव्ह घ्या, थ्री नको, सेव्हनची गरज नाही." दुकानात हेच दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी मांडलेले. दोघांत दीड हजाराचा फरक. ७५३०वाला महाग. मी विचारलं, "फरक काय?" पोरगा चटपटीत होता. म्हणाला, "काका, दोन्ही रायझन फाइव्हच, दोन्ही सात हजार सिरीज. उलट हा स्वस्तातला घ्या. याची रॅम डीडीआर-फाइव्हची आहे, त्याची फोरची."

तो खोटं बोलत नव्हता. लॅपटॉपपुढच्या माहितीच्या कार्डावर तसंच लिहिलं होतं. ७५२०यूबरोबर एलपीडीडीआर५ रॅम, ७५३०यूबरोबर डीडीआर४. आणखी वाकून बघितलं तर स्वस्त चिप ६ नॅनोमीटरची, महाग चिप ७ची (हे चिपच्या बारीक बांधणीचं माप). आणि हे लहान असेल तितकं चांगलं, एवढं मीही कुठेतरी वाचलं होतं. मूळ वेग २.८ गिगाहर्ट्‌झ विरुद्ध २.०. म्हणजे कार्डावरच्या चारपैकी तीन ओळींत स्वस्त लॅपटॉप वरचढ. चौथी ओळ कमाल वेगाची. तिथे ४.३ विरुद्ध ४.५. एवढ्यासाठी दीड हजार कोण देतं? आम्ही ७५२०यू घेतला, ग्रँट रोड स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला आणि आपण हुशारीने दीड हजार वाचवले या आनंदात घरी आलो.

पहिले दोन-तीन महिने तक्रारीला जागाच नव्हती. लॅपटॉप हलका, पंखा जवळजवळ ऐकू येत नाही, बॅटरी सकाळच्या लेक्चरपासून संध्याकाळपर्यंत पुरायची. पायथन, वेबपेजं, ऑनलाइन वर्ग, रात्री मालिका, सगळं व्यवस्थित. त्या काळात मला कोणी मत विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

दुसऱ्या सत्रात तिने अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे फोनची अ‍ॅप्स बनवायचं सॉफ्टवेअर, टाकलं. इथून रडगाणं सुरू झालं. प्रोजेक्ट बिल्ड करायला (लिहिलेल्या कोडचं चालतं अ‍ॅप बनवायला) टाकायची आणि उठून स्वयंपाकघरात जायची. एमुलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, उघडला की ब्राउझर बंद करावा लागायचा. मला वाटलं आठ जीबी रॅम कमी पडतेय, वाढवून घेऊ. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून मला दाखवलं. रॅमला जागाच नाही, सगळी बोर्डावर बसवलेली. ही चिप एलपीडीडीआर५ सोडून दुसरी रॅम घेत नाही आणि ही रॅम बोर्डावर झाळलेलीच येते. ज्या 'फाइव्ह'वर भुलून आम्ही लॅपटॉप घेतला, त्या 'फाइव्ह'नेच दार बंद केलं होतं.

दरम्यान माझा जुना लॅपटॉप गेला. सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे ११२ फ्लॅट्सचे हिशेब माझ्याकडे असतात, त्यामुळे थांबता येईना. लॅमिंग्टन रोडवर जो नाकारला होता तोच ७५३०वाला आता सवलतीत मिळत होता, म्हणून घेतला. लेकीने विंडोज सेट करता करता टास्क मॅनेजर (लॅपटॉपच्या आत काय चाललंय ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि हाक मारली, "बाबा, तुझ्यात सहा कोअर का दाखवतंय? माझ्यात चारच आहेत."

मग त्या रात्री आम्ही जेवणानंतर दोन्ही लॅपटॉप टेबलावर ठेवून बसलो. कोअर म्हणजे चिपमधले काम करणारे हात, थ्रेड म्हणजे ते एका वेळी किती कामं धरतात. चार कोअर, आठ थ्रेड. सहा कोअर, बारा थ्रेड. एल३ कॅश, म्हणजे चिपच्या आतली झटपट स्मृती, ४ एमबी आणि १६ एमबी, म्हणजे चौपट! ग्राफिक्सची एककं दोन आणि सात. (दोनवाल्यांची रचना नवी आहे, हे खरं. पण दोन ती दोनच.) तेव्हा दोघांतही आठच जीबी रॅम होती, म्हणून तोच प्रोजेक्ट दोन्हींवर बिल्ड करून बघितला. माझ्यावर सात मिनिटं, तिच्यावर अकरा. घड्याळ लावून मोजलेलं आहे, प्रयोगशाळेतलं नाही. पण जेवणाच्या टेबलावर निकाल लागायला तेवढं पुरलं.

आता नावाकडे येतो. रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीने या चार आकड्यांची फोड सप्टेंबर २०२२मध्ये स्वतःच जाहीर केली होती, त्यामुळे लपवाछपवी म्हणता येणार नाही. पहिला आकडा वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जाचा. तिसरा आतल्या कोअरची पिढी सांगतो. चौथा ० किंवा ५, त्याच पिढीत थोडं खाली की वर. या पिढ्यांना एएमडी 'झेन' म्हणते. या हिशेबाने ७५२० म्हणजे झेन २, आणि झेन २ पहिल्यांदा बाजारात आली २०१९मध्ये. ७५३० म्हणजे झेन ३, ती २०२०ची. ७५३५ म्हणजे झेन ३ प्लस, आणि ७५४० म्हणजे झेन ४, ती २०२२ची. चार वेगवेगळ्या चिपा, आणि काउंटरवर सगळ्यांचं नाव "रायझन ५, सात हजार सिरीज". आमच्या दोन्ही लॅपटॉपच्या तळहाताजवळच्या स्टिकरवरही तेवढंच आहे, पुढचे आकडे नाहीत.

म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या जागेवर. आपण आकडा डावीकडून वाचतो. सात हजार पाचशे वीस आणि सात हजार पाचशे तीस यांत कुठल्याही माणसाला दहाचाच फरक दिसणार. ती संख्या नाही, ते चार वेगळे अंक शेजारी ठेवलेत, हे कळायला आधी कोणीतरी सांगावं लागतं.

लेकीचं म्हणणं यावर वेगळं होतं. "बाबा, लोकलचे इंडिकेटर तू वाचतोसच ना? तिथे तरी कुठे सरळ लिहिलंय?" मुद्दा बिनतोड वाटला. मध्य रेल्वेवर कसाऱ्याच्या गाडीला 'एन' आणि कर्जतच्या गाडीला 'एस'. दोन्ही स्टेशनांच्या नावांची सुरुवात 'क'ने, आणि दोन्ही अक्षरांचा त्या 'क'शी काही संबंध नाही. नवा माणूस हमखास गोंधळतो. तरी पंधरा दिवसांत शिकतो, कारण रोज दोनदा त्या इंडिकेटरखाली उभा राहतो, आणि चुकला तर कल्याणला उतरून परत फिरतो. लॅपटॉप आपण पाच-सहा वर्षांतून एकदा घेतो. चूक कळते तेव्हा परतीची मुदत संपलेली असते, आणि पुढच्या खरेदीपर्यंत इंडिकेटरवरची अक्षरंच बदललेली असतात. चुकून शिकायची सोयच नाही. मेव्हण्याचा मंत्र त्यातूनच आलेला, त्याच्या एका जुन्या खरेदीवरून.

तो मंत्र तेव्हाही डळमळीतच होता. एएमडीची स्पर्धक असलेल्या इंटेलच्या सातव्या पिढीतल्या आय७-७५००यू या चिपमध्ये दोनच कोअर होते, आणि २०१७मध्ये आलेल्या आय५-८२५०यूमध्ये चार. 'सेव्हन'वाल्याकडे निम्मे. त्याआधी २०१६मध्ये 'कोअर एम५' म्हणून विकली जाणारी कमी ताकदीची मालिका (इथे 'कोअर' हे इंटेलच्या चिपांचं नाव) आय५ या नावाखाली आली, आणि ओळखायची खूण म्हणजे आकड्यांच्या मधला एक 'वाय'. २०१९च्या दहाव्या पिढीत तर दोन वेगळी कुळं एकाच पिढीच्या नावाने नांदत होती. आय५-१०२१०यू १४ नॅनोमीटरची, आय५-१०३५जी१ १० नॅनोमीटरची.

याच इंटेलने डिसेंबर २०२३मध्ये एक सादरीकरण काढलं, "जुना माल नव्या नावाने विकतात" अशा अर्थाचं, आणि उदाहरण म्हणून नेमकी आमचीच ७५२०यू घेतली. त्यात भोंदू औषधविक्यांची चित्रं होती. टीका झाल्यावर ते काढूनही टाकलं. पुढच्याच महिन्यात त्यांची स्वतःची 'कोअर ७ १५०यू' ही चिप आली. आतून तेराव्या पिढीचीच रचना. शेजारी कोअर अल्ट्रा ७ १५५यू, तिच्या आतलं सगळंच वेगळं. दोन नावांत फरक 'अल्ट्रा' या एका शब्दाचा, आणि तो शब्द दुकानात जाहिरातीतलं विशेषण वाटतो. चाळणीने सुईला भोक दाखवलं, दुसरं काय.

फोनकडे वळलो तर तिथेही स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आणि ८एस जेन ३ या एका अक्षराच्या फरकाच्या चिपा आहेतच. त्यात शिरत नाही.

तरीही ७५२०यूवर अन्याय नको. ही चिप शिळी नाही. कोअरची रचना जुनी असली तरी चिप २०२२मध्ये नव्याने बनवलेली आहे, आणि एएमडीने ती जाहीर करतानाच ३९९ ते ६९९ डॉलरच्या लॅपटॉपसाठी म्हणून सांगितली होती. कमी वीज, लांब बॅटरी, रोजची कामं. आम्ही दिलेली किंमत बरोबर त्याच पट्ट्यात येते. किंमत खरं सांगत होती. मीच 'रायझन ५' ऐकून तिच्याकडून आय५ची अपेक्षा केली. जो पोरगा दुकानात बोलला, त्यालाही बहुधा तिसऱ्या आकड्याची गोष्ट कोणी शिकवली नसेल. पण ग्राहकाला "हिचे कोअर चार आहेत" एवढं सांगायला शिकायची गरज नव्हती, आणि कार्डावर कोअरची ओळच नव्हती. माझा राग आहे तो त्या कार्डावर.

अदलाबदल मार्च २०२४मध्ये झाली. तिच्याकडे गेलेल्या ७५३०यूमध्ये एक रॅमची खाच मोकळी होती. त्यात आठ जीबीची पट्टी घातली, सोळा झाली. जुन्या म्हणून नाकारलेल्या डीडीआर४चीच पट्टी, बाजारात सहज मिळाली. तेव्हापासून एमुलेटर, ब्राउझर, संगीत सगळं एकदम चालू असतं. पंखा मात्र ऐकू येतो, उन्हाळ्यात तर जास्तच, आणि बॅटरी माझ्यापेक्षा दीड-दोन तास आधी संपते. तीन गोष्टींत ती पुढे, दोनात मी.

माझ्याकडे आलेल्या ७५२०यूने मला या सोळा महिन्यांत एकदाही अडवलं नाही. एक्सेलच्या बारा शीट, मेंटेनन्सची बिलं, बँकेची स्टेटमेंट, मराठीत नोटिसा टाइप करणं, महिन्यातून एकदा कमिटीची ऑनलाइन मीटिंग. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून एखादी मोठी पीडीएफ उघडली तर क्षणभर अडखळतो, पण तिसऱ्या मजल्यावरचे काका बोलत असतात तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटरी पहिल्या वर्षाइतकी नाही, तरी सहा तास देते. पाचपैकी माझ्या कामासाठी चार, लेकीच्या कामासाठी दोन. चिप तीच.

आता सोसायटीत कोणी लॅपटॉप घ्यायला निघालं की मला दाखवतं. वर्षभर मी मोठ्या रुबाबात सांगायचो, "तिसरा आकडा बघा, तीन किंवा चार असेल तरच." दोघा-तिघांना त्याचा उपयोगही झाला. परवा बी विंगमधल्या वहिनींनी मुलासाठी निवडलेल्या लॅपटॉपचा स्क्रीनशॉट पाठवला. रायझन ५ २२०. २०२५मध्ये आलेली २०० मालिका. आकडे तीनच, तिसरा शून्य. माझ्या नियमाने ती कचऱ्यात जायला हवी. शोधल्यावर कळलं, आत झेन ४ आहे, सहा कोअर, म्हणजे आमच्या दोन्ही चिपांपेक्षाही नवी.

वहिनींना लिहिलं, "चांगली आहे, घ्या. पण दुकानात तोच लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर उघडायला सांगा आणि कोअर किती दिसतात त्याचा फोटो पाठवा." त्यांचं उत्तर आलं, "भाऊजी, टास्क मॅनेजर कुठे असतो?" संध्याकाळी लेकीला त्यांच्याबरोबर पाठवतोय.