इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी: कोणता शब्दकोश घ्यावा?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावीला सायन्स घेतं आणि घरात शब्दकोशाचा विषय निघतो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा परदेशी पत्रव्यवहार पाहतो. दोन्ही तऱ्हेचे कोश माझ्या टेबलावर असतात, त्यामुळे ओळखीचे पालक मला हमखास विचारतात.

आधी इंग्रजी-मराठीची बाजू. 'फोटोसिंथेसिस' अडला, 'प्रकाशसंश्लेषण' वाचलं, काम झालं. मुलाने ते मराठीतून शिकलेलंच असतं. झाडं, रोग, अवजारं, शास्त्रातल्या संज्ञा यांसाठी या कोशाला तोड नाही. कडुलिंबाचं इंग्रजी वर्णन चार ओळी वाचूनही झाड ओळखू येईलच असं नाही.

खरी अडचण सोप्या वाटणाऱ्या शब्दांत आहे, आणि माझा निर्णय तिथेच झाला. 'फाइन' काढून बघा. मराठी अर्थ स्वल्पविराम देऊन ओळीने मांडलेले असतात: उत्तम, सुंदर, तलम, बारीक, दंड. एकही चुकीचा नाही. पण कुठला कुठे लावायचा, हे बहुतेक छोटे कोश सांगतच नाहीत. सुताच्या बाबतीत 'फाइन काउंट' म्हणजे तलम. सिग्नल तोडल्यावर भरायचा तो दंड. आणि परदेशातलं गिऱ्हाईक रंगाचा नमुना पाहून 'द शेड इज फाइन' लिहितं, तेव्हा बहुधा त्याला एवढंच म्हणायचं असतं की चालेल, पुढचं काम करा. ऑफिसात नवीन लागलेली मुलं कोशातलं 'उत्तम' वाचून गिऱ्हाईक बेहद्द खूश आहे असं धरून चालतात. दोष त्यांचा नाही. पहिला अर्थ तोच छापलेला असतो.

चांगल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात हे अर्थ वेगवेगळे करून प्रत्येकाखाली वाक्य दिलेलं असतं. 'आय अॅम फाइन' म्हणतात, पण त्यात सहसा 'व्हेरी' घालत नाहीत. सुताला मात्र 'व्हेरी फाइन' खुशाल म्हणावं, हे तिथे कळतं. 'डिस्कस'चंही तसंच. 'विषयी चर्चा करणे' या सवयीने आपण 'डिस्कस अबाउट' लिहितो. तिथलं उदाहरण पाहिलं की 'अबाउट' लागत नाही हे लक्षात येतं. समानार्थी शब्दांतला फरकही पुष्कळदा तिथेच समजावलेला असतो.

मात्र घ्यायचा तो शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. ही परंपरा जुनी आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये तिथेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. लाँगमनने १९७८ च्या कोशात सुमारे २००० ठरावीक शब्दांतच व्याख्या लिहिल्या. त्यामुळे अर्थाचा अर्थ शोधत बसण्याची भीती आपल्याला वाटते तेवढी खरी नाही.

आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. अशा मुलाला 'तलम' हाही कधी कधी विचारावा लागणारा शब्द असतो. मग इंग्रजीतून मराठीत आणि तिथून घरच्या भाषेत, असा दुहेरी फेरा कशाला? साध्या इंग्रजीतलं वाक्य त्याला जास्त जवळचं पडू शकतं.

इंग्रजी-इंग्रजी-मराठी असे एकत्र कोशही मिळतात. वाईट नाहीत, पण नजर आधी मराठीवर जाते आणि वाक्य वाचायचं राहून जातं, असा माझा अनुभव. मोबाइलवर अर्थ पटकन मिळतो, तेवढ्यापुरता तो ठीक.

मूल सहावी-सातवीत असेल तर इंग्रजी-मराठीच घ्या, घाई नको. अकरावीसाठी, आणि नोकरीत पत्रं लिहिणाऱ्यांसाठी, मी इंग्रजी-इंग्रजी म्हणेन. एकाच कोशाचे पैसे असतील तरीही. दुकानात जाड-बारीक बघू नका. 'गेट' किंवा 'टेक' असा रोजचा शब्द उघडा आणि प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य आहे का, ते तिथेच उभं राहून वाचा.