जळगावात ताई-ची शिकायचंय? मेहरूणच्या सकाळच्या क्लासबद्दल

मेहरूण तलावाकडं सकाळी फिरायला जात असाल तर हा ग्रुप दिसला असेल, संथपणे हात फिरवत पावलं टाकणारी मंडळी. बरेच जण विचारतात क्लास कसाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ताई-ची म्हणजे संथ, सलग हालचालींची चिनी युद्धकला, इथं त्यातलं यांग घराण्याचं शिकवतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सरांना विचारलं की तुम्ही कोणाकडून शिकलात, तर ते लगेच सांगतात, त्यांचे गुरू, गुरूंचे गुरू, असं थेट यांग चेंगफूपर्यंत. मूळ हे चीनमधल्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावचं, चेन लोकांचं. तिथं यांग लुचान (१७९९-१८७२) शिकला, नंतर बीजिंगला जाऊन शिकवायला लागला आणि त्याचा नातू चेंगफू (१८८३-१९३६) यानं ज्या मोठ्या, एकसारख्या संथ हालचाली पक्क्या केल्या त्याच आज जगभर बागांमधून दिसतात. ही साखळी नुसती सांगायला नाही, ती शिकवण्यात दिसते भो.

म्हणजे कसं, तर धनुष्यासारखा पवित्रा असतो, पुढचा पाय वाकवून, साधारण सत्तर टक्के वजन पुढं. मी आधी दुसऱ्या शहरात एका ठिकाणी वीकेंड कोर्स केला होता, १९५६ साली चीन सरकारनं बनवलेला २४ हालचालींचा छोटा फॉर्म (म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली), शेवटी सर्टिफिकेटपण दिलं, पण माझा गुडघा आत पडतोय हे तिथं कोणीच सांगितलं नाही आणि जिने चढताना दुखायला लागलं. इथं पहिल्याच आठवड्यात सर खाली बसले, गुडघ्याला दोन बोटं लावून तो पायाच्या बोटांच्या रेषेत आणला, मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, इथून फिरा, गुडघ्यातून नको. नंतर खांदे सोडा, कोपर खाली. चेंगफूच्या दहा मुद्द्यांत हे सगळं आहेच, डोकं वर हलकं ठेवा, कंबर सैल, कुठला पाय भरलेला (वजन असलेला) कुठला रिकामा ते ओळखा, जोर नको मन वापरा. पण वाचून हे अंगात येत नाही, कोणीतरी हात लावून दाखवावंच लागतं, आणि त्या हातालाही कोणीतरी तसंच शिकवलेलं असावं लागतं.

गती मात्र हळूय हे आधीच सांगतो. मोठा फॉर्म ८५ हालचालींचा म्हणा, १०३ म्हणा की १०८, मोजायची पद्धत वेगळी एवढंच, पण नुसत्या "चिमणीची शेपटी पकडा" या सुरुवातीच्या भागावर कितीतरी दिवस जातात. काही जण कंटाळून सोडून गेले. पारोळ्याकडचे एक काका आहेत, सत्तरीचे, ते म्हणतात "घाई कसानी शे?" आणि आज आख्ख्या बॅचमध्ये त्यांच्याइतकं स्थिर एका पायावर कोणी उभं राहत नाही.

न आवडलेलं पण सांगतो. जोडीनं हात लावून करायचा सराव, तुई शोऊ, तो फार उशिरा सुरू करतात. समोरच्यानं ढकललं की आपण ताठतो का सैल होतो हे तिथंच कळतं ना, थोडा थोडा आधीपासून द्यायला हवा, मी सरांना सांगितलंय, ते विचार करतो म्हणालेत. दुसरं म्हणजे नवे-जुने एकाच बॅचमध्ये, त्यामुळं जुन्यांना थांबावं लागतं.

फी महिन्याला आठशे, आपल्याकडं ठीकच. उन्हाळ्यात साडेपाचला सुरू होतं, त्यानंतर उभंच राहवत नाही, आपल्या उन्हाचं तर माहितीये. बूट पातळ तळव्याचे आणा, जाड सोलच्या रनिंग शूजमध्ये वजन कुठं आहे तेच कळत नाही. आधी दोन-तीन सकाळी येऊन नुसतं बघा, सर बसू देतात. पावसाळ्यात शेडखाली घेतात आणि जागा कमी पडते, म्हणून सुरू करायचं तर दिवाळीनंतर करा, मोकळ्या मैदानात पावलं नीट बसतात.