सॅल्मनसाठी कयाक घेताय? पेडलची की वल्ह्याची: प्युजेट साउंडपुरता हिशोब

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागात मित्रांनी मिळून कयाकवरून सॅल्मन धरायचं ठरवलं की पहिला वाद होडीवरून होतो. पायाने चालणारी पेडलची कयाक घ्यायची की साधी वल्ह्याची? मासेमारीची बरी वल्ह्याची कयाक साधारण 900 ते 1,500 डॉलरला मिळते. होबी, ओल्ड टाउन, नेटिव्ह यांच्या पेडलच्या कयाक अडीच हजारांपासून साडेचार हजारांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात.

आमचं मत आधीच सांगतो. प्युजेट साउंड या सिएटलजवळच्या खाडीच्या आतल्या पाण्यात ट्रोलिंग करून, म्हणजे आमिष होडीमागे ओढत, मासा धरायचा असेल तर पेडल. पॅसिफिकच्या उघड्या किनाऱ्यावरून फुटत्या लाटांतून आत शिरायचं असेल, किंवा होडी एकट्याने उचलायची असेल, तर वल्हं. आणि पेडलची कयाक घेतल्यावर ड्रायसूटला (पाणी आत येऊ न देणाऱ्या सूटला) पैसेच उरत नसतील, तर वल्ह्याची कयाक घ्या आणि ड्रायसूट आधी घ्या. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं कारण पुढे येईलच.

मासा किती खोल, होडी किती वेगात

जुलैच्या मध्यापासून किंग, म्हणजे चिनूक. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर कोहो. आणि 2023, 2025 अशा विषम वर्षांत ऑगस्टमध्ये पिंक. किंग बहुतेक वेळा 90 ते 150 फुटांवर, तळाला धरून फिरतो. कोहो पहाटे 30 ते 60 फुटांत असतो आणि ऊन चढेल तसा खाली सरकतो. वेगाचंही तसंच: किंगला ताशी दोन-सव्वादोन मैल पुरतात, कोहोला अडीच ते तीन लागतात. हा वेग नुसता गाठून भागत नाही, तीन-चार तास टिकवावा लागतो, आणि तोही पाण्यात ओढ देणारं सामान मागे असताना.

सामान म्हणजे फ्लॅशर (गोल फिरून चमकणारी पट्टी), त्यामागे हूची (रबरी स्क्विडसारखं आमिष) किंवा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष), आणि हे खाली न्यायला डाउनरिगरचा, म्हणजे तारेने वजन खोल सोडणाऱ्या चरखीचा, शिसाचा गोळा किंवा डायव्हर (ओढलं की दोर खाली नेणारी चकती). अकरा इंची फ्लॅशर गोल फिरायला लागला की होडीला मागे खेचतो. पेडल मारणाऱ्याची मांडी हे सहज सोसते. वल्ह्यावर मात्र तासाभरात खांदे बोलू लागतात, वेग दोनच्या खाली येतो, फ्लॅशर गरगरायचं सोडून नुसता डुलतो आणि मासा येत नाही. अशा वेळी माणूस रंग बदलतो, खोली बदलतो, पण खरी गोची वेगाची असते. वल्हं घेणार असाल तर आठ इंची फ्लॅशर वापरा. ओढ बरीच कमी होते.

डाउनरिगरचा गोळा कयाकवर चार ते सहा पौंडांचा पुरे. मात्र हलका गोळा वेगात मागे तरंगतो. तार 45 अंशांत मागे झुकली असेल तर डाउनरिगरच्या फूट मोजणाऱ्या काट्यावर 100 फूट दिसत असताना गोळा खरा 70 फुटांवर असतो. किंग शोधताना हा फरक मोठा आहे.

गळाला लागल्यानंतरचं पहिलं मिनिट

दोन्ही होड्यांमधला खरा फरक इथे आहे, आणि दुकानातला माणूस याबद्दल क्वचितच बोलतो.

वॉशिंग्टनच्या समुद्रात सॅल्मनसाठी बिनकाट्याचा गळच वापरावा लागतो. म्हणजे दोर सैल पडला की मासा सुटला. कोहो तर गळाला लागताच वर येतो, उडी मारतो, दोर स्वतःभोवती गुंडाळतो आणि बऱ्याचदा थेट होडीकडे धावत येतो.

वल्ह्याच्या कयाकवर अशा वेळी क्रम असा होतो: वल्हं मांडीवर टाका, होल्डरमधून रॉड ओढून काढा, रील फिरवायला लागा. तोवर होडीची गती मेली, दोर सैल झाला. पेडलवर दोन्ही हात मोकळे असतात. रॉड उचलतानाही पाय चालू ठेवता येतात, होडी पुढे सरकते, दोर ताठ राहतो. मासा होडीकडे धावला तर चार जोरकस पेडल मारून अंतर राखता येतं. मासा नाकाखालून पलीकडे गेला तर सुकाणूच्या मुठीला एक हलका धक्का देऊन होडी त्याच्याकडे वळवता येते. एवढ्या एका गोष्टीसाठी पेडलचे जास्तीचे पैसे वसूल होतात, असं आम्हाला वाटतं.

वल्ह्यावर हे अगदी जमत नाही असं नाही. रॉड होल्डर पायांच्या पुढे, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या दिशेला लावा, पण वल्ह्याचं पातं त्याला घासणार नाही अशा बेताने. वल्ह्याला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे ते सरळ पाण्यात टाकून देता येतं. आणि रॉड वाकला की लगेच हात घालू नका. आधी दोन-तीन जोरात वल्ही मारा, गळ रुतू द्या, मग रॉड उचला.

पुढचा घोळ लीडरच्या, म्हणजे आमिषाआधीच्या दोराच्या शेवटच्या तुकड्याच्या, लांबीचा, आणि तो दोन्ही होड्यांवर सारखाच. बोटीवर उभा असलेला माणूस किंगसाठी फ्लॅशरमागे चार फुटी लीडर सहज लावतो. कयाकवर आपण पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच बसलेले असतो. फ्लॅशर रॉडच्या टोकाला येऊन अडतो, पुढे गुंडाळता येत नाही, आणि मासा अजून फ्लॅशरपासून चार फूट लांब असतो. एका हातात रॉड मागे ताणलेला, दुसऱ्या हातात जाळं, आणि मासा जाळ्याच्या हातभर पलीकडे गोल फिरतोय. हूची असेल तर लीडर 28 ते 32 इंचांवर आणा. स्पूनला जास्त लांबी लागते, तिथे 36 ते 38 इंचांवर थांबा. रॉड साडेआठ फुटांच्या आसपास असावा. फार आखूड रॉडने दोर होडीच्या नाकाला वळसा घालून पलीकडे नेता येत नाही. जाळं रबराचं, बिनगाठीचं, आखूड दांड्याचं.

मासा आत घेण्याआधी त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर बघा. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेल्या किंग-कोहोचा तो बहुतेक वेळा कापलेला असतो. शाबूत असेल तर मासा जंगली समजायचा. जो सॅल्मन ठेवायला परवानगी नाही तो इथे होडीत घेणंही बेकायदा आहे, फोटोसाठीसुद्धा. त्याला पाण्यातच ठेवून गळ काढायचा, आणि त्यासाठी लांब दांड्याचा आकडा हाताशी हवा. परवाना, कॅच रेकॉर्ड कार्ड आणि त्या दिवशी तो मरीन एरिया (मासेमारीसाठी आखलेला समुद्राचा विभाग) उघडा आहे का, हे निघण्यापूर्वी बघायचंच. एरिया 9 मधली, म्हणजे प्युजेट साउंडच्या उत्तर तोंडाकडच्या अ‍ॅडमिरल्टी इनलेट भागातली, किंगची मोहीम कोटा संपला की थोड्याच दिवसांत बंद होते.

ठेवायचा मासा दोरीला ओवून पाण्यात सोडू नका. सील टपून असतात. कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फाच्या पिशवीत टाका.

वल्हं जिथे सरस ठरतं

तंत्र बदललं तर हिशोबही बदलतो. मूचिंगमध्ये, म्हणजे दोन-चार औंसांच्या केळ्याच्या आकाराच्या शिसाखाली सहा फुटी लीडर, दोन गळ आणि तिरकं कापलेलं हेरिंग लावून प्रवाहासोबत वाहत जाताना, वेग टिकवायचाच नसतो. हेरिंग तळापर्यंत सोडायचं, हळूहळू वर घ्यायचं. मासा बऱ्याचदा वर येताना घेतो आणि दोर एकदम सैल पडतो. तेव्हा झटका न देता भराभर रील फिरवायचं. जिगिंगचंही, म्हणजे जड धातूचं आमिष वर-खाली झटकण्याचंही, साधारण तसंच. यात वल्ह्याच्या कयाकला तोटा फार थोडा आहे. कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर ट्रोलिंगचा हट्ट सोडून मूचिंगच शिका. हॅन्सव्हिलजवळ पॉइंट नो पॉइंटला प्रवाहाची कड किनाऱ्याच्या इतकी जवळ येते की लांब जावंही लागत नाही.

दुसरी गोष्ट केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची. केल्पच्या रानात पेडलने हलणारे पाण्याखालचे पंख किंवा फिरणारा पंखा (यंत्रणा दोन प्रकारची असते) अडकतो; पंख्याच्या दांड्याला केल्प आणि तुटका दोर दोन्ही गुंडाळले जातात आणि ते काढायला यंत्रणा वर उचलावी लागते. वल्ह्याची कयाक त्यावरून घसरत निघून जाते. म्हणूनच पेडलच्या कयाकवरसुद्धा वल्हं न्यायचंच, मोडलं-बिघडलं तर परत यायला दुसरा मार्ग नाही.

तिसरी, उघडा पॅसिफिक. ला पुशसारख्या किनाऱ्यावर फुटत्या लाटांतून आत-बाहेर करायला 28-30 इंच रुंद, लांब, हलकी कयाक हवी. 34-36 इंच रुंदीची पेडलची कयाक किनाऱ्यावर परतताना मागून आलेल्या लाटेने आडवी फिरते, आणि यंत्रणा वर घ्यायची राहिली असेल तर ती वाळूत आपटून दांडा वाकतो. लाटेची उंची बघून भागत नाही, दोन लाटांमधले सेकंद बघायचे. सहा फुटी लाट 14 सेकंदांची असेल तर खोल पाण्यात ती होडीला फक्त वर-खाली करते, किनाऱ्यावर मात्र जोरात फुटते. तीच सात सेकंदांची असेल तर बाहेरही बसवत नाही. पहिल्या वर्षी उघड्या समुद्राच्या वाटेला जाऊ नका, होडी कुठलीही असो.

वजन

वल्ह्याची कयाक 27 ते 33 किलो. एकटा माणूस गाडीच्या टपावर चढवतो. पेडलची सगळं धरून 45 ते 55 किलो. दोघे लागतात, नाहीतर ट्रेलर. गॅरेज नसेल, अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर असेल, तर जड होडी हळूहळू घरीच राहते. पेडलच्या यंत्रणेची देखभाल मात्र उगाच बदनाम आहे: प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा, हंगामात दोनदा साखळी, केबल आणि बोल्ट तपासा, एवढंच.

गटाने जाताना

चौघांत दोघे पेडलवर आणि दोघे वल्ह्यावर, ही जोडणी आम्ही कुणालाच सुचवणार नाही. पेडलवाले तीन मैलांनी जातात, वल्हेवाले सव्वादोनने. तासाभरात पाऊण मैलाचं अंतर पडतं आणि सोबत नावापुरती उरते. ट्रोलिंग एकाच वेगात, 50-60 मीटर अंतर ठेवून, एकाच दिशेने करायचं, सगळ्यांनी वेगवेगळ्या खोलीवर. एकाला मासा लागला की तो खोली आणि वेग रेडिओवर सांगतो, बाकीचे आपले दोर तिथे नेतात. मित्रांसोबत जाण्याचा मासेमारीच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा फायदा. मिश्र गट झालाच असेल तर वेग वल्हेवाल्यांनी ठरवायचा आणि जो कुणी मासा ओढत असेल त्याच्याजवळ एकाने थांबायचं, कारण तेव्हा तो जहाजांकडे बघत नसतो.

प्रत्येकाकडे अंगावर अडकवलेला व्हीएचएफ रेडिओ हवा, लाइफ जॅकेटच्या आतल्या खिशात नव्हे. संकटासाठी चॅनल 16. कंटेनर जहाजांच्या मार्गात ट्रोलिंग करायचं नाही. एडमंड्स-किंगस्टन फेरीच्या वाटेतही नाही. ऑर्का (किलर व्हेल) दिसल्या तर दोर गुंडाळून दूर व्हा: इथल्या सदर्न रेसिडेंट ऑर्कांपासून 1,000 यार्ड लांब राहण्याचा नियम 2025 पासून कयाकलाही लागू आहे.

पाणी

कोकणच्या समुद्रात डुंबून मोठे झालेल्यांचा इथे घात होतो. अरबी समुद्रात पडलं तर माणूस भिजतो. प्युजेट साउंडचं पाणी ऐन ऑगस्टमध्येही 12-13 अंशांच्या आसपास असतं. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटं हातपाय काम करतात, त्यानंतर बोटांनी बकलही लागत नाही. म्हणून ड्रायसूट, आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, आणि वर लाइफ जॅकेट. ड्रायसूट 600 ते 1,200 डॉलरला पडतो. कापसाचा टी-शर्ट आत नको.

होडीत परत चढण्याचा सराव दोन्ही होड्यांवर वेगळा आहे. अरुंद वल्ह्याची कयाक लवकर कलंडते, पण सुलटीही सहज होते. रुंद पेडलची कयाक सहसा कलंडत नाही, कलंडली तर मात्र तिचा तळ एवढा रुंद असतो की पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचत नाही. बाजूच्या मुठीला सहा फुटी पट्टा बांधून ठेवा. तो तळावरून अलीकडे टाकून, गुडघे कडेला टेकवून मागे झुकलं की होडी सुलटी होते. रॉड, जाळं आणि पेडलची यंत्रणा दोरीने बांधलेली हवी, नाहीतर सुलटी झालेली होडी रिकामी असेल. हा सराव मित्रांसमोर, छातीइतक्या पाण्यात, पूर्ण सामानासह करा.

उन्हाळ्यातल्या छान दिवशी दुपारी उत्तरेचा वारा उठतो. ओहोटीचं पाणी उत्तरेकडे बाहेर जात असतं. दोघं समोरासमोर आले की अ‍ॅडमिरल्टी इनलेटच्या तोंडाशी अर्ध्या तासात उभ्या, जवळजवळच्या लाटा तयार होतात. पेडलच्या जड होडीत यातून सावकाश का होईना, पाय मारत परतता येतं. वल्ह्यावर वाऱ्यात प्रत्येक वल्ह्याला होडी थोडी मागे जाते. ओहोटी दुपारी जोरात असेल त्या दिवशी वल्हेवाल्यांनी 11 वाजेपर्यंत किनाऱ्याला लागावं.

जुनी घेणार असाल तर

कोहोचा हंगाम संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वापरलेल्या पेडलच्या कयाक बऱ्याच विक्रीला येतात. यंत्रणा बसते त्या भोकाच्या कडांना बारीक तडे आहेत का ते टॉर्च मारून बघा. होडीत दोन बादल्या पाणी ओता आणि खाली कुठे ठिबकतंय ते पाहा. पंखांचे दांडे डोळ्यासमोर सरळ धरा. वाकलेला दांडा पाण्यात खडखडतो आणि वेग खातो. पंख्याची यंत्रणा असेल तर हाताने फिरवा, खरखर ऐकू आली तर आत समुद्राचं पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी होडी घ्यायचीच असेल तर नवीन यंत्रणेची किंमत वजा करून भाव करा.