अफगाणिस्तानातलं मतदार-ओळख यंत्र: ठसे मिळाले, विश्वास नाही

२००१ नंतर परदेशी सैन्य आणि परदेशी पैसा यांच्या आधारावर अफगाणिस्तानात निवडणुका उभ्या राहिल्या. बोगस मतदान रोखायला आणलेलं हे बायोमेट्रिक यंत्र त्याच व्यवस्थेचा भाग.

वापर सोपा. बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायचा, छापून आलेला क्यूआर कोड मतपत्रिकेच्या मागे चिकटवायचा. कल्पना खरोखर चांगली आहे. एकाच बोटाची दोन मतं पकडता येतात.

घोळ वापरात झाला. ऑक्टोबर २०१८ च्या संसदीय निवडणुकीत यंत्रं ऐनवेळी हातात पडली, कर्मचाऱ्यांना ती चालवता येईनात आणि कित्येक केंद्रांवर मतदान दुसऱ्या दिवसावर गेलं. सप्टेंबर २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे एक लाख मतांवर मतदानाच्या वेळेबाहेरची नोंद निघाली. यंत्राचं घड्याळ चुकीचं लावलं होतं की मतं आधीच टाकली होती? हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचं, आणि घोडं तिथेच अडलं. निकाल लागायला १८ फेब्रुवारी २०२० उजाडली. तेव्हाचे अध्यक्ष अश्रफ घनी यांना ५०.६४ टक्के मतं. त्यांचे प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी निकाल धुडकावला आणि ९ मार्चला दोघांनीही आपापली अध्यक्षपदाची शपथ घेतली!

सगळ्यात खटकतो तो फोटोचा नियम. परक्यासमोर चेहरा उघडा करणं जिथे चालत नाही, तिथे कित्येक बायका मतदानालाच गेल्या नाहीत. नियम करताना त्यांना कुणी विचारायला हवं होतं.